स्पीकर वायरला बनाना प्लग लावताना नेमकं कुठे चुकतं: वायर सोलण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

प्लग लावून झाले, गाणं लावलं आणि एका बाजूचा स्पीकर मधेच गप्प होतोय, किंवा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) चालू केला की टक्‌ आवाज येऊन प्रोटेक्टमध्ये जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतोय. ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली की शेवटी सगळं क्रमाने लिहायला बसलो. बहुतेक वेळा प्लग वाईट नसतो आणि अ‍ॅम्पही बिघडलेला नसतो. वायर जास्त किंवा कमी सोललेली असते, एखादी तार बाहेर राहिलेली असते, नाहीतर जोडण्याचा क्रम उलटा झालेला असतो. हे तीन सांभाळले तर उरलेलं काम खरंच सोपं आहे.

एक शब्द आधी पक्का करून घेऊ. खाली "वायर" म्हटलं की अख्खी केबल, आणि "तार" म्हटलं की तिच्या आतली केसासारखी एकेक बारीक तांब्याची तार.

१. वायर कापायच्या आधी बघायच्या गोष्टी

पहिल्यांदा अ‍ॅम्पच्या आणि स्पीकरच्या मागे नीट बघा. बनाना प्लग म्हणजे वायरच्या टोकाला लावायची धातूची पिन, ती ४ मिमीची असते आणि बाइंडिंग पोस्टमध्ये बसते, म्हणजे ज्याला लाल-काळी फिरवायची बोंडं असतात आणि मागून मधोमध गोल भोक असतं ते टर्मिनल. दाबून वायर खुपसायची स्प्रिंगवाली क्लिप असेल तर त्यात बनाना प्लग जाणारच नाही, तिथे बारीक पिनवाले कनेक्टर लागतात किंवा सरळ उघडी वायर. एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्या टोकाला पोस्ट असं पुष्कळ ठिकाणी असतं, म्हणून दोन्ही टोकं बघा आणि मगच प्लग मोजून घ्या. एका स्पीकरला दोन्ही टोकं धरून चार प्लग लागतात, स्टिरिओ जोडीला आठ.

पोस्टच्या मागच्या भोकात प्लास्टिकचं लाल-काळं बूच असेल तर ते काढावं लागतं. युरोपात विकायच्या सामानात ही बुचं लावलेली येतात, कारण तिथल्या भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांतही ४ मिमीचा प्लग जाऊ शकतो आणि कोणी चुकून स्पीकरची वायर विजेच्या सॉकेटमध्ये घालू नये म्हणून ती सोय आहे. अ‍ॅम्पचा पॉवर प्लग काढलेला असताना बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा टोकदार पिनेने बूच कडेने उचकटा, निघून येतं.

आता वायरची जाडी. कमी अंतराला फार जाड वायर घेऊन उपयोग नाही आणि लांब अंतराला बारीक वायर नको. सर्वसाधारण नियम असा की जाऊन-येऊन वायरचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. त्या हिशेबाने चांगल्या तांब्याची १६ गेजची वायर (साधारण १.३ चौरस मिमी) ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत चालते, ४ ओहमच्या स्पीकरला ७ मीटरपर्यंत. १४ गेज (साधारण २.१ चौरस मिमी) घेतली तर हेच अंतर २४ आणि १२ मीटरच्या आसपास जातं. १२ गेज त्याहून जाड, पण ती घेण्याआधी तुमच्या प्लगच्या भोकात मावते का बघा, पुष्कळ प्लगांत ती इन्सुलेशनसकट आत जात नाही आणि मग लोक तारा कापून झुबका बारीक करतात, ते अजिबात करू नका.

तपासा: वायरची एक तार ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढरट-चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि तारा वाकवल्या की पटकन तुटतात. कमी अंतराला चालेल, पण स्क्रू आवळताना हात हलका ठेवावा लागेल. एक अपवाद मात्र आहे, कल्हई केलेल्या खऱ्या तांब्याची तार बाहेरून चंदेरी आणि आतून तांबडी असते, ती चांगली.

२. तुमचा प्लग कुठल्या प्रकारचा आहे

हे न बघता लोक वायर सोलायला घेतात आणि इथेच लांबी चुकते. घरी वापरायचे प्लग साधारण तीन प्रकारचे मिळतात.

पहिला, बाजूने स्क्रू असलेला. मागून वायर आत जाते आणि बाजूचा एक किंवा दोन बारीक स्क्रू तारांवर दाबून बसतात. वरून एक टोपी फिरवून लावायची असते. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने दोन स्क्रूवाला हाच घ्यावा, कारण वायर नीट धरली गेलीय की नाही हे डोळ्यांना दिसतं.

दुसरा, दोन भागांत उघडणारा. मागच्या भागातून वायर ओवायची, तारा छत्रीसारख्या सगळीकडून कडेवर पसरायच्या आणि पुढचा भाग वरून फिरवून आवळायचा. झटपट होतो, पण तारा एका बाजूला गोळा झाल्या तर सैल राहतो.

तिसरा, सोल्डर करायचा किंवा क्रिम्प करायचा, म्हणजे धातूची नळी तारांवर चेपून बसवायची. हात बसलेला असेल तर सगळ्यात पक्का हाच. क्रिम्पसाठी त्याच मापाचं क्रिम्पिंग टूल पाहिजे, साध्या पकडीने चेपलेलं क्रिम्प वरून छान दिसतं आणि काही दिवसांनी निसटतं.

सोन्याचा मुलामा आहे का याची फार चिंता नको. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा फायदा. आवाज बदलत नाही.

३. अ‍ॅम्प बंद, पॉवर प्लग बाहेर

रिमोटने बंद करून भागत नाही, भिंतीतला पॉवर प्लग काढा आणि काही मिनिटं जाऊ द्या. मग जुन्या वायरी काढायच्या, आधी अ‍ॅम्पकडचं टोक आणि नंतर स्पीकरकडचं. काढायच्या आधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून "डावा", "उजवा" लिहून ठेवा. पाच स्पीकरांचा सेट असेल तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

वायर कापताना जेवढं अंतर आहे त्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त ठेवा. स्पीकर थोडा सरकवायचा झाला किंवा प्लगकडचं टोक पुन्हा सोलावं लागलं तर तीच लांबी कामी येते. प्लग लागल्यावर तो मागे ४–५ सेंटीमीटर बाहेर येतो, त्यामुळे स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवायचा असेल तर काटकोनात वळलेले प्लग घ्या, नाहीतर वायर मुडपून तारा आतल्या आत तुटतात.

४. प्लस-मायनस ओळखणं

वायरच्या दोन बाजूंत काहीतरी फरक असतोच. एका बाजूवर रेघ असेल, अक्षरं छापलेली असतील, कडेला बोटाला जाणवणारी उभी धार असेल, किंवा एकीतल्या तारा तांबड्या आणि दुसरीतल्या चंदेरी असतील. कुठली प्लस धरायची ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की घरातल्या सगळ्या वायरींना आणि दोन्ही टोकांना तोच नियम लावा. मी खुणेची बाजू नेहमी प्लस धरतो. पारदर्शक वायरवर उजेड कमी असेल तर रेघ दिसतच नाही, म्हणून सोलायच्या आधीच प्लसच्या बाजूला दोन्ही टोकांना लाल टेपची एक पट्टी गुंडाळून टाका.

मग दोन्ही बाजू एकमेकींपासून मोकळ्या करा, पण ४–५ सेंटीमीटरच. मधोमध ब्लेडने छोटी चीर द्या आणि पुढचं हाताने ओढून फाडा. ब्लेड लांबपर्यंत फिरवलं की ते कुठेतरी तिरकं जातं आणि इन्सुलेशन कापून तांबं उघडं पडतं. असं झालं तर तेवढा तुकडा कापून टाका, टेप लावून झाकू नका.

५. टोपी आधी, सोलणं नंतर

इशारा: प्लगची टोपी आणि असेल तर हीट श्रिंकची (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी आत्ताच वायरमध्ये ओवा. सगळं नीट आवळून झाल्यावर टेबलावर टोपी तशीच पडलेली दिसते आणि मग सगळं सोडवून पुन्हा करावं लागतं, आठ प्लगांत हे एकदा तरी होतं. टोपीची आट्यांची बाजू प्लगकडे आहे ना, तेही बघा.

आता लांबी. बहुतेक स्क्रूवाल्या प्लगांना १० ते १२ मिमी सोललेलं पुरतं, पण आकड्यावर विसंबू नका, प्लग वायरशेजारी धरा आणि भोक जेवढं खोल तेवढ्यावर पेनाने खूण करा. पसरवायच्या प्रकारात तारा कडेवरून वळून आट्यांच्या थोड्या अलीकडे थांबल्या पाहिजेत, तिथपर्यंतच. बरोबर सोललेल्या वायरचं इन्सुलेशन प्लगच्या तोंडाला टेकतं, मधे उघडं तांबं दिसत नाही आणि इन्सुलेशन स्क्रूखालीही जात नाही. जास्त सोललं तर मागे उघडं तांबं राहतं आणि शेजारच्या प्लगला टेकतं. कमी सोललं तर स्क्रू तांब्यावर न बसता प्लास्टिकवर बसतो, हाताला घट्ट लागतो पण आवाज मधेमधे जातो. हे दुसरं सापडायला फार अवघड, कारण बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं.

सोलायला वायर स्ट्रिपर वापरा आणि वायरच्या गेजचाच खाच निवडा. बारीक खाचात घातलं तर इन्सुलेशनबरोबर बाहेरच्या पाच-सहा ताराही कापल्या जातात. स्ट्रिपर नसेल तर ब्लेडने इन्सुलेशनवर गोल फिरवून फक्त ओरखडा काढायचा, आरपार कापायचं नाही, आणि वायर ओरखड्यावर मागे-पुढे वाकवून प्लास्टिक तोडायचं, मग ओढून काढायचं.

तपासा: सोलून निघालेला प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन आत बघा. त्यात तारांचे तुकडे अडकलेले असतील तर तेवढ्या तारा तुम्ही कापल्यात. एक-दोन असतील तर चालवून घ्या, जास्त असतील तर टोक कापून पुन्हा सोला, जास्तीची लांबी त्यासाठीच ठेवलीय.

जुनी वायर असेल आणि तारा काळपट किंवा हिरवट झाल्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. पॉलिश पेपरने घासायला गेलात तर बारीक तारा तुटतातच.

६. तारा प्लगमध्ये बसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अंगठा आणि तर्जनीत तारा धरून त्या मुळात ज्या दिशेने वळलेल्या आहेत त्याच दिशेने हलका पीळ द्या. दोराइतका कडक पीळ नको, तारा एकत्र राहाव्यात एवढाच. घामट किंवा तेलकट हात असतील तर पुसून घ्या. दोन भागांच्या प्लगाला पीळ द्यायचाच नाही, तिथे तारा पसरायच्या आहेत.

स्क्रूवाल्या प्लगात झुबका मागून सरळ आत घाला. एखादी तार तोंडाशी अडून मागे वळली तर जोर करून ढकलू नका, बाहेर काढा, पुन्हा पीळ द्या, पुन्हा घाला. वायर बारीक आणि भोक मोठं असेल तर दुप्पट लांब सोलून तारा अर्ध्यात दुमडा, म्हणजे स्क्रूला धरायला काहीतरी मिळतं. स्क्रू आवळताना वायर आत दाबून धरा. दोन स्क्रू असतील तर दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एकच पूर्ण आवळला तर झुबका तिरका होऊन दुसऱ्याखालून सरकतो. छोट्या स्क्रूला बरोबर मापाचाच स्क्रू ड्रायव्हर किंवा अ‍ॅलन की घ्या, त्याचं डोकं एकदा घासलं की प्लग फेकायचाच. टोकदार स्क्रू तारा कापतोय असं दिसलं तर तारांवर फेरूलची छोटी नळी चढवून चेपा आणि मग आवळा.

दोन भागांच्या प्लगात तारा सगळीकडे सारख्या पसरा, घड्याळाच्या तबकडीवर आकडे असतात तशा, आणि पुढचा भाग फिरवताना वायर पिरगळू देऊ नका. वायर स्थिर, भाग फिरणार. उलटं केलं की आत तारा गोळा होतात.

इशारा: स्क्रूवाल्या प्लगात घालायच्या आधी तारांना सोल्डर लावू नका. पुष्कळ जण "पक्कं होईल" म्हणून टोक सोल्डरने भरतात. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही आठवड्यांनी तोच स्क्रू सैल लागतो. सोल्डर करायचंच तर सोल्डरचाच प्लग घ्या.

तपासा: आवळून झालं की एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात वायर धरून जोरात ओढा. थोडीशीही सरकली तर पुन्हा करा. मग उजेडात धरून प्लग गोल फिरवत बघा, कुठे एखादी तार बाहेर आलीय का. असली तर कापून गप्प बसू नका, कारण तिचा बुंधा नंतर बाहेर सरकतो. सोडवून पुन्हा घाला. माझ्याकडे एकदा अशीच एक तार राहिली होती, सेंटीमीटरभर लांब असेल, स्पीकरच्या मागे शेजारच्या पोस्टला नुसती टेकत होती. अ‍ॅम्प आवाज वाढवला की बंद व्हायचा, कमी ठेवला की चालायचा, आणि मी अख्खी संध्याकाळ अ‍ॅम्पवर संशय घेत घालवली. शेवटी टॉर्च लावून पाहिल्यावर ती चमकली. त्या अ‍ॅम्पला संरक्षण होतं म्हणून निभावलं, ज्यात ते नसतं त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर अशा शॉर्टने जळतात.

मग टोपी लावा. प्लसला लाल, मायनसला काळी.

७. काही जोडायच्या आधी मीटर लावा

दोन्ही टोकं मोकळी असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. लाल प्लग ते दुसऱ्या टोकाचा लाल प्लग, बीप यायला पाहिजे. काळा ते काळा, तसंच. एकाच टोकाच्या लाल आणि काळ्या प्लगमध्ये बीप येता कामा नये. लाल ते दुसऱ्या टोकाचा काळा असा बीप आला तर एका टोकाला रंग उलटे लागलेत. तीन मिनिटांचं काम आहे, कंटाळू नका.

८. जोडण्याचा क्रम

आधी स्पीकरकडचं टोक, शेवटी अ‍ॅम्पकडचं. काढताना उलट, आधी अ‍ॅम्पकडचं. कारण सरळ आहे: प्लगचं उघडं धातू बाहेर असतं, अ‍ॅम्पकडे वायर लागलेली असताना स्पीकरकडचे दोन प्लग जमिनीवर मोकळे पडले तर ते एकमेकांना टेकणारच. अ‍ॅम्प बंद असला तरी हाच क्रम ठेवा, सवय होते.

प्लग घालायच्या आधी पोस्टचं बोंड पूर्ण आवळून घ्या. ते सैल राहिलं तर प्लग बोंडातच अडकतो आणि आतल्या पोस्टपर्यंत अर्धाच पोचतो. मग प्लग सरळ आत दाबा, खांद्यापर्यंत. बाहेर ३–४ मिमी धातू दिसत असेल तर एकतर बूच आत राहिलंय किंवा बोंड सैल आहे.

स्पीकरला चार पोस्ट असतील आणि वरच्या-खालच्या जोडीला धातूच्या पट्टीने जोडलेलं असेल तर ती पट्टी तशीच राहू द्या आणि एकाच जोडीत प्लग घाला. पट्टी काढून एकाच जोडीत वायर लावली की फक्त बारीक किंवा फक्त जाड आवाज येतो आणि लोक स्पीकर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात.

स्पीकर जोडले, अ‍ॅम्पकडचे प्लग अजून हातात आहेत, तेव्हा त्या दोन प्लगांत मीटरने ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४. शून्याच्या जवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर कुठेतरी सुटलंय. दोन्ही बाबतीत अ‍ॅम्पला लावायचं नाही.

इशारा: डाव्या आणि उजव्या चॅनेलचे मायनस एकमेकांना जोडू नका, वायर वाचते म्हणून सामायिक मायनस तर नकोच. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये, खासकरून क्लास डी प्रकारात, मायनस टर्मिनल ग्राउंड नसतो, त्यावरही सिग्नल असतो, आणि तो जोडला की अ‍ॅम्पचं नुकसान होतं.

९. चालू करून ऐकणं

आवाज अगदी खाली ठेवून चालू करा. एक मिनिट तसाच राहू द्या, मग हळूहळू वाढवा. बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवून डावाच वाजतोय ना बघा, मग उजवीकडे. त्यानंतर बॅलन्स मधे आणून एखादं बोलण्याचं मोनो रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज समोर मधोमध एका जागेवरून आला पाहिजे. तो पसरट वाटत असेल, कुठून येतोय ते कळत नसेल आणि बेसही हलका झाला असेल तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत.

कानांवर भरवसा नसेल तर दुसरा उपाय. अ‍ॅम्प बंद करा, अ‍ॅम्पकडचे प्लग काढा आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. लाल प्लग सेलच्या प्लसला, काळा मायनसला, फक्त क्षणभर टेकवा. जाळी काढून वूफरकडे (जाड आवाजाच्या मोठ्या गोल भागाकडे) बघा, त्याचा पडदा बाहेर यायला पाहिजे. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेने हलणं महत्त्वाचं. सेल लावून धरू नका, नुसता स्पर्श.

आवाज मधेच जात असेल तर एकेका प्लगची वायर बोटाने हळूच हलवा, जिथे खरखर होते तोच प्लग पुन्हा करायचा.

१०. दोन-तीन आठवड्यांनी

तांब्याच्या तारा दाबाखाली थोड्या बसतात, त्यामुळे स्क्रूवाले प्लग पहिल्या काही आठवड्यांत एकदा पुन्हा आवळावे लागतात. अ‍ॅम्प बंद, आधी अ‍ॅम्पकडचे प्लग बाहेर, टोप्या मागे सरकवून स्क्रू पाव-अर्धा फेरा घेतोय का बघायचं. प्लग काढताना कायम प्लगच्या अंगाला धरून ओढा, वायरला नाही. काढलेल्या वायरी प्लगसकट मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, सॉकेटचं कारण वर सांगितलंच आहे.

प्लग पोस्टमध्ये सैल बसायला लागला तर त्याच्या फुगीर पट्ट्या दबल्या असतील. सगळे प्लग तसे नसतात, पण ज्यांना उभ्या पट्ट्या आहेत त्यांच्या पट्टीखाली ब्लेडची बोथट बाजू घालून प्रत्येक पट्टी अगदी थोडी बाहेर उचला आणि घालून बघा, हलकासा अडसर जाणवला की पुरे. जास्त उचललीत तर पट्टी पोस्टमध्येच मोडून अडकते.